मोजणारा हात कोणाचा? समुद्रातील तेलगळतीविषयी किनाऱ्यावरच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतील सहा तसेच ठाणे, पालघर, रायगड आणि मावळ या लोकसभा मतदारसंघांचे सन्माननीय सदस्य यांस

सविनय नमस्कार.

मी ट्रॉम्बे कोळीवाड्यात जन्मले, तेथेच वाढले आणि एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हे पत्र मी पेट्रोलियम मंत्रालयाला लिहिलेले नाही, कारण मी जे मागणार आहे, म्हणजे समुद्रातील तेलकामाच्या सुरक्षेची तपासणी त्याच्या हातून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे देणे, ते कोणतेही मंत्रालय आपण होऊन देत नसते. ते संसदेने त्याच्याकडून काढून घ्यावे लागते. यादीत मावळच्या सदस्यांचाही समावेश केला आहे. घाटमाथ्यावरच्या मतदारसंघाचा समुद्राशी काय संबंध, असे कोणाला वाटेल. परंतु उरण याच मतदारसंघात मोडते, आणि मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्राचे तेल वाहिनीतून जमिनीला लागते ते उरणलाच.

मेक्सिकोच्या आखातातील ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटाच्या विहिरीतून वाहणारे तेल ८७ दिवसांनी, १५ जुलै २०१० रोजी थांबले. त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, ७ ऑगस्टला, मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ एका अंगावर कलली, तिच्यावरचे शेकडो कंटेनर समुद्रात पडले, त्यांतील काहींमध्ये कीटकनाशके होती, आणि तिच्या टाक्यांतील इंधन तेल पाण्यावर पसरू लागले. काही दिवस बंदराची वाहतूक ठप्प झाली, त्यामुळे वर्तमानपत्रांत बातम्या भरपूर आल्या. नारळी पौर्णिमा अडीच आठवड्यांवर होती. आमच्याकडे होड्यांची रंगरंगोटी संपून जाळी तपासण्याचे काम चालू होते, आणि एका सकाळी भरतीबरोबर खाडीत काळे पाणी आले. तिवरांच्या मुळ्या गुडघाभर उंचीपर्यंत डांबरात बुडवून काढल्यासारख्या दिसत होत्या. चिखलावर एरवी टुणटुण उड्या मारणारे निवटे त्या दिवशी जागच्या जागी पडून होते. माझ्या आत्येभावाने डोलीचे जाळे बाहेर काढून दाखवले आणि म्हणाला, “ताई, तुझ्या शाळेत हे धुवायला काही असेल तर सांग.” माझ्या शाळेत तसे काही नव्हते.

त्या गळतीचा आकडा सुमारे ८०० टन असा सांगितला जातो. आकडा खरा आहे की खोटा, हा वाद घालण्यासाठी मी पत्र लिहीत नाही. तो कोणी मोजला, केव्हा मोजला, कशाने मोजला आणि मोजणाऱ्याचे त्यात काय गुंतलेले होते, हे प्रश्न मला विचारायचे आहेत. गेल्या तीन दशकांत आपल्या किनाऱ्यालगत जे काही घडले, त्या प्रत्येक प्रसंगी मला हे प्रश्न अनुत्तरित राहिलेले दिसतात.

थोडे रसायनशास्त्र सांगणे भाग आहे, त्याबद्दल क्षमस्व. समुद्रात सांडलेले तेल एका जागी, एका रूपात राहत नाही. मुंबई हायचे कच्चे तेल हलके असते. त्यातील मोठा भाग पहिल्या एक-दोन दिवसांत हवेत उडून जातो. तिसऱ्या दिवशी पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला पाण्यावर पातळ तवंग दिसतो आणि “नुकसान किरकोळ आहे” असे तो प्रामाणिकपणे लिहितो. जहाजांचे इंधन तेल याउलट जड असते. ते फारसे उडत नाही, लाटांनी घुसळले जाऊन पाणी शोषते, त्याचा तपकिरी लगदा होतो आणि आकारमान तिपटी-चौपटीपर्यंत वाढते. पसरलेल्या तवंगावर विखुरणारी रसायने फवारली तर तेल डोळ्यांआड होते खरे, परंतु नाहीसे होत नाही. ते पाण्यात खाली उतरते. मुळ्यांवर बसलेला थर त्या मुळ्यांची छिद्रे बुजवतो. तिवरे श्वास घेतात त्या छिद्रांतूनच. झाड त्या आठवड्यात मरत नाही, पुढच्या हंगामात वाळते, आणि तोवर पंचनामा होऊन गेलेला असतो. म्हणजे गळती किती झाली याचे उत्तर मोजणाऱ्याच्या घड्याळावर अवलंबून असते. पहिल्या काही तासांत तेथे जो हजर असतो, त्याचाच आकडा पुढे सर्वत्र फिरतो. आणि पहिल्या तासांत तेथे बहुधा तोच हजर असतो, ज्याचे तेल सांडलेले आहे.

अमेरिकेत नेमके हेच झाले. २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’वर स्फोट होऊन अकरा कामगार गेले, आणि सुरुवातीच्या दिवसांत गळती दररोज १,००० बॅरल असल्याचे सांगितले गेले. काही दिवसांत ते ५,००० झाले. सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांनी पुढे हिशेब केला तेव्हा सुरुवातीचा प्रवाह दररोज ६०,००० बॅरलच्या आसपास निघाला. आपल्याकडे २०१७ च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा तेल सांडलेच नाही असे बंदराने प्रथम सांगितले, आणि त्यानंतर तरुण मुले बादल्यांनी तो काळा राडा उपसताना साऱ्या देशाने पाहिली. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था तवंग कोणत्या दिशेने सरकेल याचे भाकीत देते. काम उत्तम आहे, परंतु किती तेल आणि कोणत्या प्रकारचे तेल सांडले हे तिला बाहेरून कोणीतरी सांगावे लागते. तोच आकडा कमी निघाला तर पुढचे सारे गणित कमीच निघणार.

आता जबाबदारीच्या हद्दी पाहा. राष्ट्रीय तेलगळती आपत्कालीन योजना १९९६ पासून अस्तित्वात आहे आणि तिचा समन्वय तटरक्षक दलाकडे आहे. बंदराच्या हद्दीत सांडले तर बंदराने पाहायचे. समुद्रातील तेलफलाटाभोवती ५०० मीटरपर्यंत ते फलाट चालवणाऱ्या कंपनीने पाहायचे. त्यापलीकडच्या खुल्या समुद्रात तटरक्षक दलाने पाहायचे. आणि तेल किनाऱ्याला लागले की राज्याने, त्याच्या प्रदूषण मंडळाने आणि स्थानिक संस्थांनी पाहायचे. कागदावर ही वाटणी समंजस आहे. परंतु पावसाळ्यातल्या नैऋत्येच्या वाऱ्यात तवंग दोन-तीन भरत्यांत यांतील बहुतेक हद्दी ओलांडून जातो. आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या सचिवांनी २०१० च्या त्या ऑगस्टमध्ये केलेल्या दूरध्वनींची नोंद एका वहीत ठेवली होती. पहिल्या कार्यालयाने दुसऱ्याचा क्रमांक दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि तिसऱ्याने पहिल्याचा. मी त्या कार्यालयांची नावे येथे लिहीत नाही, कारण फोन उचलणाऱ्या माणसांचा त्यात दोष नव्हता. प्रत्येकाने आपापली हद्द बरोबरच सांगितली होती.

तटरक्षक दलाविषयी मला आदरच आहे. त्यांच्याकडे प्रदूषण नियंत्रणासाठी बांधलेली जहाजे आहेत, आणि वादळात ते लोक जे करतात ते मी टीव्हीवर नव्हे, धक्क्यावरून पाहिलेले आहे. तथापि गळती झाल्यानंतर धावणे हे त्यांचे काम आहे. गळती होऊ नये म्हणून कंपनीच्या दारात जाऊन वाहिनीची जाडी तपासणे, झडप बंद होते की नाही हे पाहणे, काम थांबवण्याचा आदेश देणे, हे काम दुसऱ्याचे आहे, आणि माझ्या पत्राचा मुख्य विषय तो दुसरा आहे.

२६ जुलै २००५ मुंबईच्या तोंडी आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी काय झाले हे मात्र फार थोड्यांना आठवते. २७ जुलैला मुंबई हाय नॉर्थ या फलाटाला ‘समुद्र सुरक्षा’ हे फलाट चालवणाऱ्या ओएनजीसी या सरकारी तेलकंपनीचेच मदतजहाज धडकले. त्यावरच्या एका आचाऱ्याच्या बोटांना इजा झाली होती आणि उपचारासाठी त्याला फलाटावर चढवायचे होते. उसळत्या समुद्रात जहाजाची मागची बाजू फलाटाच्या उभ्या वायुवाहिनीवर आदळली, वायू पेटला, आणि सुमारे दोन तासांत तो अवाढव्य फलाट समुद्रात कोसळला. २२ माणसे गेली. शहर तेव्हा पुराच्या पाण्यात होते, त्यामुळे त्यांच्यासाठी रडायलाही शहराला सवड नव्हती. या अपघातानंतर समुद्रातील तेलकामाच्या सुरक्षिततेसाठी २००८ मध्ये स्वतंत्र नियम झाले, ही चांगली गोष्ट झाली. मात्र त्या नियमांची अंमलबजावणी करणारा सक्षम अधिकारी म्हणून नेमणूक झाली ती ऑइल इंडस्ट्री सेफ्टी डायरेक्टोरेट या संचालनालयाची, आणि ते संचालनालय १९८६ पासून पेट्रोलियम मंत्रालयाच्याच हाताखाली आहे. ओएनजीसीची मालकी केंद्र सरकारकडे, तिचा कारभार पाहणारे मंत्रालय हेच, देशाचे तेल उत्पादन का वाढत नाही म्हणून संसदेत उत्तर देणारे मंत्रालय हेच, आणि उत्पादन थांबवून दुरुस्ती करा असे सांगण्याचा अधिकार असलेले कार्यालयही याच मंत्रालयाचे. आपलेच दात, आपलेच ओठ.

हे मी कोणाच्या सचोटीवर शंका घेऊन लिहीत नाही. संचालनालयातील तांत्रिक माणसे आपल्या विषयात निष्णात असतील याविषयी मला संशय नाही. परंतु वर्गशिक्षकाच्या बढतीचा निर्णय ज्याच्या हाती आहे त्याच्याच मुलाचा पेपर त्या शिक्षकाला तपासायला देऊ नये, हे साध्या शाळेतही आम्ही पाळतो. शिक्षक कितीही सच्चा असला तरी आम्ही पेपर दुसऱ्याकडे पाठवतो, आणि त्यात त्या शिक्षकाचा अपमान कोणी मानत नाही.

यात आणखी एक विसंगती आहे, ती आपल्यापैकी किती जणांच्या नजरेस आली आहे हे जाणून घेण्याची मला उत्सुकता आहे. हीच कंपनी जमिनीवर, म्हणजे गुजरातेत किंवा आसामात, विहीर खणते तेव्हा तिच्यावर खाणींच्या सुरक्षेचे नियम लागू होतात आणि तपासणी करणारे खाण सुरक्षा महासंचालनालय हे कामगार मंत्रालयाच्या अखत्यारीत असते. जमिनीवर तपासणारा वेगळ्या घरचा, आणि समुद्रात, जेथे पळून जायला जागा नाही आणि पाहायला शेजारी नाही, तेथे मात्र घरचाच. कोणत्या तर्काने हे ठरले असेल याचा मी पुष्कळ विचार केला.

इतरांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. उत्तर समुद्रात ६ जुलै १९८८ रोजी ‘पायपर अल्फा’ हा फलाट जळून १६७ माणसे मेली. ब्रिटनमध्ये न्यायमूर्ती कलन यांच्या चौकशीने १०६ शिफारशी केल्या, त्यांतील एक महत्त्वाची अशी, की समुद्रातील सुरक्षेचे काम ऊर्जा खात्याकडून काढून आरोग्य व सुरक्षा पाहणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावे. आणि ते तसे दिले गेले. अमेरिकेत ‘डीपवॉटर’च्या स्फोटापर्यंत तेलाचे स्वामित्वधन (रॉयल्टी) गोळा करणे आणि तेलकंपन्यांची तपासणी करणे ही दोन्ही कामे एकच सरकारी कचेरी करत असे. तेल वाहतच होते तेव्हा, मे २०१० मध्ये, ती कचेरी मोडण्याची घोषणा झाली, आणि पुढच्या वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत पैसा, परवाने आणि सुरक्षा यांची तीन वेगळी दारे झाली. आता त्या देशांत अपघात होतच नाहीत, असे मी म्हणत नाही. अपघात झाला तेव्हा “पाहणारा कोण होता?” हा प्रश्न त्यांनी विचारला. आम्ही २००५ नंतर नियम केले आणि पाहणारा तोच ठेवला.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा तराफा मुंबई हाय परिसरात बुडाला आणि सत्तरहून अधिक कामगार मेले. वादळाचा इशारा आधीच मिळालेला होता. त्या वेळीही चौकशीसाठी तीन सदस्यांची समिती नेमली ती पेट्रोलियम मंत्रालयानेच, आणि तिला मुदत दिली एका महिन्याची. ती घटना तेलगळतीची नव्हती हे मला ठाऊक आहे. तरीही येथे तिचा उल्लेख करते, कारण वाहिनी फुटणे, फलाट जळणे आणि माणसे बुडणे ही एकाच तपासणीतली उणीव वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या रूपांत दिसणे असते. १९९३ च्या मे महिन्यात मुंबई हाय ते उरण ही तेलवाहिनी फुटली होती, तेव्हाही पाहणारे घर हेच होते.

जहाजांच्या बाबतीत चित्र थोडे निराळे आहे. ४ ऑगस्ट २०११ रोजी ‘रॅक’ हे जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. त्यात साठ हजार टनांहून अधिक कोळसा आणि सुमारे २९० टन इंधन तेल होते. मुंबईतील एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल दिला: जहाजाशी संबंधित कंपन्यांनी १०० कोटी रुपये आणि कोळसा मागवणाऱ्या अदानी एंटरप्रायझेसने ५ कोटी रुपये पर्यावरणाच्या भरपाईपोटी द्यावेत. निकाल महत्त्वाचा होता, परंतु बुडण्यापासून निकालापर्यंत पाच वर्षे गेली, आणि अर्ज एका नागरिकाला करावा लागला. केरळने यातून धडा घेतलेला दिसतो. २०२५ च्या मे महिन्यात ‘एमएससी एल्सा-३’ हे कंटेनर जहाज तेथे बुडाले, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात राज्य सरकार स्वतःच सागरी दावा घेऊन उच्च न्यायालयात उभे होते. त्याच समूहाचे दुसरे जहाज तारण म्हणून अडकवून ठेवण्याचा आदेशही त्याने मिळवला. दावा ९,५३१ कोटींचा होता, त्यात मच्छीमारांसाठी सुमारे ५२६ कोटी होते. पुढे न्यायालयाने तारणाची रक्कम सुमारे १,२२७ कोटींवर आणली. तो कायदा, २०१७ चा सागरी दाव्यांचा कायदा, महाराष्ट्रालाही लागू आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाला असे दावे चालवण्याचा अधिकार तर केरळच्याही आधीपासून, ब्रिटिश काळापासून आहे.

परंतु दावा करायला हिशेब लागतो, आणि येथे मी पुन्हा मोजण्याच्या प्रश्नाकडे येते. ‘चित्रा’च्या वेळी भरपाईचा अर्ज भरायला माझी चुलती एका सरकारी कार्यालयात गेली होती. ती चाळीस वर्षे मासळीची पाटी घेऊन चेंबूरच्या बाजारात बसत असे. त्या महिन्यात लोकांनी मासळी घेणेच बंद केले होते; आमच्या खाडीची असो वा ससून डॉकची, गिऱ्हाईक पाटीकडे पाहून पुढे जात असे. कार्यालयातील गृहस्थांनी तिला मागील तीन वर्षांच्या विक्रीच्या पावत्या मागितल्या. तिने विचारले, “बाबा, तुझी आई बाजारातून कोळंबी आणते तेव्हा पावती घेते का?” ते हसले, अर्ज मात्र परत आला. होडीच्या मालकाकडे निदान डिझेलची आणि बर्फाची बिले असतात. पाटीवाल्या बाईकडे, खाडीत हाताने चिंबोरी धरणाऱ्याकडे, कालवे फोडून विकणाऱ्या म्हातारीकडे काहीच नसते. गळतीच्या आधी खाडी कशी होती याची नोंद नाही, म्हणून गळतीने काय गेले याचाही पुरावा नाही.

तेलाचा पुरावा मात्र जपता येतो, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. प्रत्येक तेलात काही संयुगे असतात जी ऊन, लाटा आणि जिवाणू यांना लवकर दाद देत नाहीत. वायू-वर्णलेखनाने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतील पद्धतीने, त्यांचे प्रमाण काढले तर हे तेल कोणत्या टाकीचे किंवा कोणत्या क्षेत्राचे, हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी पावसाळ्यात किनाऱ्याला लागणाऱ्या डांबरगोळ्यांचा उगम याच पद्धतीने शोधला आहे. जुहू, वर्सोवा, किहीम येथे दरवर्षी येणारे गोळे आपण तळपायाला लागल्यावर रॉकेलने पुसतो आणि विसरतो. एखाद्या काचेच्या बाटलीत, तारीख-वेळ घालून, दोन साक्षीदारांच्या सहीने ते सीलबंद झाले, तर निनावी गळती फार काळ निनावी राहणार नाही. खर्च एका बाटलीचा आहे.

म्हणून आपल्याकडे माझे मागणे असे आहे. समुद्रातील तेलकामाच्या सुरक्षेची तपासणी पेट्रोलियम मंत्रालयाच्या हातून काढून संसदेने स्थापन केलेल्या, स्वतःचा निधी आणि स्वतःचे अहवाल असलेल्या संस्थेकडे द्यावी. तिला काम थांबवण्याचा अधिकार असावा आणि तिचे तपासणी अहवाल ठरावीक मुदतीत जाहीर व्हावेत. पेट्रोलियमविषयक स्थायी समितीत आपल्यापैकी जे असतील त्यांनी निदान हा प्रश्न तेथे लेखी विचारावा, की २००५ पासून आजवर समुद्रातील किती कामे या संचालनालयाने सुरक्षेच्या कारणावरून बंद पाडली. गळतीचा पहिला आकडा गळती करणाऱ्याकडून घेतला तर तसे स्पष्ट लिहावे, आणि २४ तासांच्या आत तटस्थ यंत्रणेने विमानातून व नमुन्यांवरून केलेला अंदाज मराठीत प्रसिद्ध करावा. मराठीत असे मुद्दाम लिहिते, कारण २०१० मध्ये आम्हांला आमच्या खाडीची बातमी इंग्रजी वाहिनीवरून कळत होती. राज्याच्या हातात जे आहे त्यासाठी आपण राज्य सरकारकडे आग्रह धरावा: खाडीच्या चिखलाचे, पाण्याचे आणि मासळीचे नमुने शांततेच्या काळात दर हंगामाला घेऊन ठेवणे, आणि मच्छीमार सहकारी संस्थांच्या नोंदवहीला पावतीइतकेच प्रमाण मानणे, ज्या नोंदवहीत पाटीवाल्या बायकांचीही नावे असतील.

आमच्या संस्थेने अशी वही सुरू केली आहे. कोणत्या भरतीला कोणाच्या जाळ्यात काय आले, बाजारात कोणी किती पाट्या विकल्या, हे दोन तरुण मुली रोज लिहितात. ती वही कोणत्या कार्यालयात ग्राह्य धरली जाईल हे आम्हांला अजून कोणी सांगितलेले नाही.

आपल्यापैकी कोणाला ती पाहायची असेल तर ट्रॉम्बे जेट्टीवर जरूर यावे. पोलिसांचा ताफा आणि सत्काराचे नारळ नकोत. फक्त येण्यापूर्वी भरतीचे वेळापत्रक पाहावे आणि पूर्ण ओहोटीची वेळ साधावी. भरतीला खाडी सुंदर दिसते. ओहोटीला चिखलात काठी खुपसली की अजूनही कोठे कोठे काळे तेल वर येते. ते ‘चित्रा’चे आहे की दुसऱ्या कोणाचे, हे सांगणारी बाटली त्या वेळी कोणी भरून ठेवली नव्हती.

आपली नम्र,
ट्रॉम्बे कोळीवाड्यातील एक निवृत्त शिक्षिका